भरलेला पियाला

“किटली कितीही जड झाली तरी पियाला भरू नकोस हो. दोन घोट ओत, संपले की पुन्हा ओत. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे पाहुण्याला ‘ऊठ, चालू लाग’ म्हणणं.”

लग्नाच्या आदल्या दिवशी आईने बजावलेलं हे मुअत्तरला सकाळपासून आठवत होतं. आज नणंदेला, दिलनवाझला, मागणी घालायला रिश्तानहून बायका यायच्या होत्या, आणि मुअत्तरची बोटं मिटत नव्हती. वजूचं पाणी ओंजळीत राहिना. नमाजात तळवे टेकले तेव्हा मनगटातली कळ मस्तकात गेली. तंदुरातून नान निघाले, ऊन अंगणात आलं, तरी सांधे सैल होईनात.

तिचा संधिवात साधा नव्हता. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर चालून जाते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधाने हिवाळा सुखाचा गेला. मग सासूबाई, होसियतबाई, एकदा हसत म्हणाल्या, “काय गं, पोर विशीतली आणि दुखणं म्हातारीचं!” मुअत्तरने औषध गुपचूप सोडलं. दुखत तर नव्हतंच! आता दुखणं परतलंय हे उघड झालं तर आपल्याला माहेरी धाडतील, या धास्तीने ती हात बाह्यांत लपवून वावरत होती.

पाहुण्या बसल्या. मुलाची मावशी मुकंबर भारी बोलघेवडी.

“सून चांगली मिळवलीत हो, चहा ओतते तर आवाजसुद्धा नाही!”

“आवाज माझा पुरतो घराला,” होसियतबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

पियाले पुन्हा पुन्हा रिकामे होत होते. मनगटात निखारा ठेवल्यासारखं झालं. आता किटली हातातून सुटणार, म्हणून मुअत्तरने एकदाच ओतून घेतलं. मुकंबरचा पियाला काठोकाठ भरला.

मुकंबरने डोक्यावरचा रुमाल सावरला. “उठा गं. घरच्यांना घाई दिसतेय.”

दिलनवाझचा चेहरा पांढराफटक पडला. आपण गप्प राहिलो तर हिचं स्थळ जाणार, हे मुअत्तरला कळलं.

“मावशी, बसा ना,” ती पुटपुटली. “किटली पुन्हा उचलवेना, म्हणून भरला. हात बघा माझे.”

मुकंबरने तिची सुजलेली बोटं चाचपली. “बाई गं, किती गरम! घरात आणखी कुणाला आहे का हे?”

होसियतबाईंनी सुनेच्या हातातली किटली घेतली, तिला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः ओतू लागल्या. सून बसलेली आणि सासू ओततेय, असं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

पाहुण्या चहा पिऊन गेल्या. होकार म्हणून नान मोडायची रीत, तो मात्र कुणी मोडला नाही.

“औषध कधी सोडलंस?” होसियतबाईंनी विचारलं.

“वसंतात, ओयीजान. तुम्ही म्हणाला होतात ना, म्हातारीचं दुखणं...”

“दिवसभर मी शंभर गोष्टी सांगते, त्यातली नेमकी हीच ऐकलीस?” होसियतबाई म्हणाल्या. मुअत्तर उठून कपाटातली जुनी पाकिटं काढू लागली, तशा त्या ओरडल्या, “थांब! मनानेच सोडलंस, आता मनानेच घेणार? आधी रक्त तपासून घे, मग डॉक्टरीणबाई म्हणतील तसं. आजच जाशील? शब्द दे.”

“जाईन.”

दिलनवाझ रडवेल्या डोळ्यांनी पुढे आली आणि तिने वहिनीच्या रुमालाची गाठ मारून दिली. मुअत्तरने तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं, फाटक खांद्याने ढकललं आणि ती दवाखान्याच्या वाटेला लागली.