माझा कापलेला अर्धा तास

मित्रांनो, टीव्हीवरची ती खुर्ची आठवते का? परीक्षक ऐटीत बसायला गेले, मागचा पाय फाकला आणि परीक्षक दोन्ही पाय वर करून आडवे झाले, ती? ती मीच. त्या दिवशी मला पाहून हसले नाही असे घर विरळाच असेल. हसण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एवढा अंगापिंडाने भरलेला माणूस असा भुईसपाट झाला, तर खुर्चीलाही हसू येते. पण त्याआधीचा अर्धा तास तुमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. तो कुठे गेला, हे शोधून काढण्यातच माझ्या आयुष्याचा बराचसा भाग गेला आहे. चौकसपणा ही माझी खोडच आहे म्हणा ना.

माझा जन्म एका मोठ्या गोदामात झाला. गोदाम सुतारांच्या कार्यशाळेसारखे सजवले होते. भिंतीवर टांगलेल्या करवती पुठ्ठ्याच्या होत्या आणि खिडकीतून येणारे ऊन म्हणजे एक भलामोठा दिवा होता. मी तेव्हा नुसत्या चार फळ्या होते, त्यामुळे मला सगळ्याचेच नवल वाटे. ऊन बटण दाबल्यावर विझते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले.

तिथे सुतारकामाची स्पर्धा चालली होती आणि शेवटच्या फेरीत दोघेच उरले होते. एक होते बँकवाले काका. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर छंद म्हणून रंधा हातात घेतला, असे हे गृहस्थ. दुसरी होती सुतारमावशी. तिचा हा छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. एका अरुंद गल्लीत तिचे दुकान होते. ती आणि तिची लेक मिळून टेबले, कपाटे, शाळांचे बाक करत. एका मोठ्या शाळेचे सगळे बाक नव्याने करायचे होते आणि ते काम तिला मिळणार अशी बोलणीही झाली होती. दुकानाचे पुढचे वर्ष त्या बाकांवरच अवलंबून होते.

मावशीला लाकडाशी बोलायची सवय. माझ्यावर रंधा फिरवताना ती म्हणाली, "सरळ राहा गं बाई. शाळेच्या बाई बघणार आहेत तुला टीव्हीवर. माझं नाक कापू नकोस." मी मनातल्या मनात शब्द दिला. देताना मला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवले आहे!

संध्याकाळपर्यंत खुर्ची करायची आणि मग परीक्षकांनी तिच्यावर बसून पाहायचे, असा खेळ होता. दुपारी मावशीने माझ्या सांध्यांत गोंद भरला आणि दोन क्लॅम्प लावले. क्लॅम्प म्हणजे लोखंडी पकड. तिचा पेच फिरवला की ती लाकडाला घट्ट आवळून धरते आणि गोंद वाळेपर्यंत हलू देत नाही. खुर्चीच्या जन्मात ही वेळ फार नाजूक असते. क्लॅम्प चांगले चकचकीत होते. ज्या कंपनीच्या पैशांवर कार्यक्रम चालला होता, तिनेच ते दिले होते.

इतक्यात पलीकडून बँकवाल्या काकांचा आवाज आला, "अरेच्चा! हा फिरतोय नुसता!" त्यांच्या एका क्लॅम्पच्या पेचाचे आटे झिजून गेले होते. त्यांनी दुसरा लावला, तर त्याचीही तीच गत. आता गोंद तर लावून झालेला! मग त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या खुर्चीला चक्क मिठी मारली. सांधा उघडू नये म्हणून ते तसेच घामाघूम होऊन उभे राहिले. दिग्दर्शक म्हणाला, बदली क्लॅम्प आणायला गाडी पाठवली आहे, पण वेळ थांबवता येणार नाही. परीक्षकांना विमान गाठायचे होते.

मावशी कमरेवर हात ठेवून क्षणभर बघत राहिली. मग तिने माझे दोन्ही क्लॅम्प सोडले आणि त्यांच्याकडे नेले.

"अहो, हे काय करताय?" काका ओरडले. "तुमचा गोंद ओला असेल अजून!"

"तुमचा त्याहून ओला आहे. हात काढा आता. मिठी मारून खुर्ची होत असती तर आम्ही अवजारं कशाला घेतली असती?"

परत येऊन तिने मला दोरी गुंडाळली. दोरीत एक काठी अडकवली आणि पीळ देऊन मला आवळले. अवजार नसले की जुने सुतार असेच करतात. मी श्वास रोखून धरला. पण दोरी ती दोरीच. गोंद वाळता वाळता माझा मागचा सांधा केसभर सरकला. ओरडून सांगावे असे फार वाटले, पण खुर्चीला तोंड कुठे असते?

पुढचे तुम्ही पाहिलेच आहे. परीक्षक आपटले आणि मी मोडले. काकांना पहिले बक्षीस मिळाले. ते हातात घेऊन ते म्हणाले, "माझी खुर्ची या मावशींच्या क्लॅम्पमुळे उभी आहे. हे बक्षीस निम्मं त्यांचं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने डोळे पुसले. मला वाटले, चला, मोडले तरी हरकत नाही. सारे जग हे बघणारच आहे!

मित्रांनो, मी किती भोळी होते! टीव्हीवर जे दिसते ते घडल्यावर काही महिन्यांनी दिसते आणि मधल्या काळात त्याला कात्री लागते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

मला अडगळीत टाकले. तिथेच मी कायमची पडून राहायची, पण नशीब म्हणा! संकलनाच्या खोलीतली फिरती खुर्ची मोडली. सामानाची देखभाल करणाऱ्या माणसाने माझ्या पायात एक लांबलचक स्क्रू पिळला आणि मला तिथे नेऊन ठेवले. त्या खोलीत एक ताई काम करत असे. तिला सगळे एडिटरताई म्हणत. दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचा कार्यक्रम बेतायचा, हे तिचे काम. खोलीला खिडकी नव्हती. समोर दोन पडदे, टेबलावर गार झालेला चहा आणि ताईच्या पाठीखाली मी.

आणि एके दिवशी पडद्यावर कोण दिसावे? मी! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. स्वतःचा जन्म बघायला मिळणे किती जणांच्या नशिबात असते? ताईने तो अर्धा तास पाहिला. काकांची मिठी पाहून ती खो खो हसली. मावशी क्लॅम्प सोडते ते पाहून ती हसायची थांबली आणि तिने तेवढेच पुन्हा लावले.

आम्हा खुर्च्यांना एक गोष्ट कळते. माणूस बोलतो एक आणि बसतो दुसरेच. मोठे साहेब त्या खोलीत आले तेव्हा ताई माझ्या अगदी कडेला, उठू की नको अशी बसली होती.

"साहेब, अख्ख्या कार्यक्रमात याच्याइतकं भारी काही नाही," ती म्हणाली.

साहेबांनी सगळे पाहिले. वाईट माणूस नव्हता तो. चष्मा काढून त्याने डोळेही टिपले. मग म्हणाला, "भारी आहे. पण काढ."

"काढू? का?"

"क्लॅम्प कुणाचे आहेत? ज्यांच्या जिवावर आपण दोन घास खातो त्यांचे. त्यांचेच आटे गेलेले आपण गावाला दाखवायचे?"

"मग क्लॅम्प दाखवत नाही. काकांचं ते निम्म्या बक्षिसाचं वाक्य तरी ठेवते."

"वाक्य ठेवलं की लोक विचारणार, कसले क्लॅम्प? नको. अळीमिळी गुपचिळी."

"साहेब, त्या बाईचा धंदा आहे हो हा."

"आणि आपला हा आहे," साहेब म्हणाले आणि दार लोटून गेले.

ताईने तेवढा भाग आणखी एकदा लावून पाहिला. मग तिने तो अर्धा तास काढला. मी जिवाच्या आकांताने करकरले. "तू गप्प बस," ताई मला म्हणाली.

पण अर्धा तास काढला की भोक पडते आणि ते बुजवावे लागते. हे काम मी डोळे फाडून पाहिले, कारण त्यातली हातचलाखी खरेच बघण्यासारखी होती. मावशी सकाळी चहाच्या आधी एक जांभई देते, ती ताईने उचलून दुपारी लावली. क्लॅम्प द्यावे की नाही या विचारात मावशी कमरेवर हात ठेवून उभी असते. त्याच्या शेजारी काका घाम पुसताना दाखवले. आता पाहणाऱ्याला वाटावे, काका राबताहेत आणि बाई मजा बघते आहे! जेवणाच्या सुट्टीतले तिचे हसणे माझ्या मोडण्याच्या जरासे आधी आले. वर निवेदकाचा भारदस्त आवाज आला, "जास्तीचा आत्मविश्वास नडला!" यात खोटे असे एकही चित्र नव्हते. माझा एक पाय काढला तर उरलेले तीनही खरेच असतात. पण बसून बघा!

कार्यक्रम दाखवला गेला आणि काही दिवसांनी मी भंगारात जाणार असे ठरले. तेव्हा ताईने आपण होऊन मावशीला फोन केला, "तुमची खुर्ची घेऊन जा."

मावशी आली. ती वाळल्यासारखी दिसत होती. तिने मला उलटे केले, तो स्क्रू पाहिला आणि कपाळाला हात लावला. "लाकडात हे काय खुपसलंय मेल्यांनी!" मग ती हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? मी त्या दिवशी क्लॅम्प दिले होते ना हो?"

ताई गोंधळली. "म्हणजे?"

"टीव्हीवर बघितलं आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. लेक म्हणते, आई, तू खरंच जांभया देत होतीस का गं? शेजारी दारात येऊन स्टूल हलवून बघतात आणि हसतात. काका सगळ्यांना सांगत सुटलेत, तर लोक म्हणतात, काय मोठ्या मनाचा माणूस, हरलेल्या बाईला सांभाळून घेतो! मला वाटायला लागलं, मी हे मनातच रचलं की काय."

माझ्या अंगावर काटा आला. मावशीचे नाव गेले हे मला ठाऊक होते. तिची आठवणही गेली, हे ठाऊक नव्हते.

ताईने दाराला कडी लावली, मावशीला माझ्यावर बसवले आणि तो अर्धा तास पडद्यावर लावला. नियमात हे बसत नव्हते, पण ताईने लावला. मावशी पुढे झुकून बघत होती. क्लॅम्प सोडणारे स्वतःचे हात दिसले, तेव्हा तिने इतका मोठा श्वास सोडला की तिचा सारा भार माझ्यावर आला. मग ती एकाएकी म्हणाली, "थांबवा! मागे घ्या जरा. ती काठी बघा. पीळ दिला आणि काठी बांधलीच नाही मी! सुटणार नाही तर काय!"

"म्हणजे चूक तुमचीच?" ताईने विचारले.

"थोडी माझी. तेवढी माझ्या नावावर राहू द्या. जांभई तेवढी काढा." आणि ती हसली. ताईला मात्र रडू आले. "मावशी, तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"न विचारता सांगितलं की त्याला सबब म्हणतात, बाई."

मावशीने मला घरी आणले. स्क्रू काढला, भोक बुजवले, जुना गोंद खरवडून नवा भरला आणि दुकानातले आपले क्लॅम्प लावून मला पुरते वाळू दिले. मग मला दुकानाच्या तोंडाशी ठेवले. येणारे-जाणारे मला ओळखत आणि बोट दाखवून पुढे जात. बसायला कोणी धजावत नसे. ओस पडलेल्या दुकानात लेक करवतीला तेल देत बसे. शाळेकडून काही निरोप नव्हता.

आणि एके दिवशी शाळेच्या बाई आल्या. त्यांच्या उभ्या राहण्यावरूनच मी ओळखले की त्या नाही म्हणायला आल्या आहेत. पर्स दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "मावशी, बाकांचं असं आहे, की आमच्या समितीचं म्हणणं..." एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. "हीच का ती?"

"हीच," मावशी म्हणाली.

बाई वाकल्या. त्यांनी माझ्या मागच्या पायावरून बोट फिरवले, सांधा चाचपला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मला एक कळत नाही. तुमच्याकडची टेबलं माझ्या घरी कित्येक वर्षं आहेत. एकाचा पाय कधी हलला नाही. मग त्या दिवशी झालं तरी काय होतं?"

लेकीचा हात थांबला. मित्रांनो, लाखो लोकांनी मला पाहिले होते. ते हसले, हळहळले, नावे ठेवून मोकळे झाले. पण काय झाले होते, असे विचारणारी ही पहिली बाई!

मावशीने पदराने मला पुसले आणि बाईंच्या पुढे सरकवले. "सांगते. पण थोडं लांबेल."

"लांबू दे," म्हणत बाई बसल्या. सबंध बसल्या, कडेवर नाही.

मावशीने काठी बांधायची राहिली इथपासून सुरुवात केली. बाकांचे काम मिळाले की नाही, हे तुम्ही विचारालच. विचारा, मला आवडेल. मिळाले. पण आधी निम्म्याच वर्गांचे. ते वर्षभर टिकले, तर उरलेल्यांचे. बाईंनी असे बजावले, तेव्हा मावशीला ते अगदी रास्त वाटले.

बालमित्रांनो, खुर्ची हलते असे वाटले तर तुम्ही तिला उलटी करून बघता ना? माणसांच्या बाबतीतही तेवढी तसदी घ्या. पडद्यावर कोणी आळशी, उद्धट, वेंधळा दिसला, तर हसा हवे तर, पण हसून झाल्यावर 'याच्या आधी काय झालं होतं?' एवढे कोणाला तरी विचारा. उत्तर कधी मिळेल, कधी मिळणार नाही. मावशी त्या एका प्रश्नाची किती दिवस वाट बघत होती, ते मी दारात उभी राहून पाहिले आहे.