दोन हिरव्या सऱ्या

अवं, आज माझ्या रानात काय झालं, ऐका तरी!

सकाळी अकरा बायका माझा ऊस बघायला येणार होत्या. पटलं तर माझ्या पद्धतीनं लावण करणार, न्हाय पटलं तर औषधाच्या दुकानात जाणार. आणि माझा ऊस पिवळा पडलेला!

हुमणी ठाऊक हाय न्हवं? उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी. तिला मारणारी बुरशी मी रेशनच्या भातावर वाढवली, पिंपातल्या पाण्यात कालवली, त्यात उसाच्या कांड्या भिजवल्या. ही बुरशी मुळात घर करून राहती. उसाला काय करत न्हाय, अळीला मात्र सोडत न्हाय. गावभर मीच सांगितलेलं.

त्यातल्या कालिंदीकाकूंनी उसाचं पहिलंच बेट ओढलं, ते अलगद हातात आलं. खाली चार अळ्या वळवळत होत्या.

"ललिता, ह्या तर तुझ्यापरास धडधाकट हायत की गं!"

सगळ्या खिदळल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तेवढ्यात नजर बांधाकडं गेली. कडंच्या दोन सऱ्या हिरव्यागार! पळत जाऊन खुरप्यानं उकरलं. अळी घावली, पण खडूगत कडक, अंगावर हिरवी बुरशी. दुसरी तशीच. तिसरी बी तशीच!

"मेली की वं काकू! मेली!" मी बोंबच ठोकली.

"मग ह्याच दोन सऱ्यांत का?" काकूंनी विचारलं.

तसं आमचं मालक, गणपती, डोकं खाजवायला लागलं. "ह्या दोन पहिल्या दिवशी सांजच्याला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपात बुरशीनाशक टाकलं, मग बाकीच्या लावल्या. दरसाल टाकतोयच की. तुझी कांडी कुजाय नगं म्हणून."

"मी बुरशी वाढवली, आणि तुम्ही बुरशीनाशक टाकलं?" माझं टाळकंच फिरलं. मायेनं वाटोळं केलं ह्या माणसानं! खुरपं माझ्या हातातच होतं. मालक दोन पावलं मागं सरकलं.

पण बायका आता हसत नव्हत्या. एकदा पिवळ्या सऱ्या बघायच्या, एकदा हिरव्या. रान एकच, बेणं एकच, पाणी एकच. मी घसा फोडून जे पटवू शकले नसते, ते मालकांच्या चुकीनं समोर उभं होतं.

काकूंनी एक हिरवी अळी उचलली आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधली.

"आमच्या घरात बी पिंपात हेच टाकत्यात. ही त्यास्नी दावायला पायजे," त्या म्हणाल्या. "आणि बुरशी कधी देतीस गं?"