बोंड्याची विल्हेवाट

घोटणखेडच्या ग्रामपंचायतीने १९६३ सालच्या चैत्रात काढलेल्या नोटिशीत असे म्हटले होते : "वस्तीतील इसम नामे उकंडा याच्या मालकीचे पांढऱ्या रंगाचे कुत्रे मेल्या जनावराची हाडे तोंडात धरून आणते व सार्वजनिक विहिरीत टाकते, असे निदर्शनास आले आहे. सबब सदर कुत्र्याची आठ दिवसांत विल्हेवाट लावावी. कसूर झाल्यास आरोग्याच्या दृष्टीने वस्तीतील लोकांस सदर विहिरीवर पाणी भरण्यास मनाई करण्यात येईल." खाली सरपंच बाबारावांची सही होती आणि सहीवर रबरी शिक्का.

निदर्शनास आले ते कोणाच्या, याविषयी नोटीस मौन होती. विहिरीचा दगडी कठडा उभ्या माणसाच्या कमरेच्या वर येत होता, आणि सदर कुत्रे, ज्याला घरात बोंड्या म्हणत, मागच्या डाव्या पायाने अधू होते. दोन वर्षांपूर्वी बाबारावांच्याच गोऱ्ह्याने त्याला लाथ हाणली होती. तेव्हापासून तो झोपडीचा उंबरठासुद्धा आधी विचार करून ओलांडी. बरे, उंचीचा प्रश्न सोडून दिला तरी स्वभावाचा उरतोच. कुत्र्याला हाड सापडले की ते चघळते, पुरून ठेवते, त्यावर बसून साऱ्या जगाशी भांडते. ते पाण्यात टाकून देण्याइतकी सुबत्ता घोटणखेडच्या कोणत्याच कुत्र्याला, आणि पुष्कळशा माणसांनाही, लाभलेली नव्हती.

बोंड्याला तर मुळीच नव्हती. छप्पन साली वस्तीतली चाळीसही घरे नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले. गावाने त्यावर हातात काठी घेतली नाही; गाव सुसंस्कृत होते. त्याने फक्त वस्तीतल्या माणसांना कामावर बोलावणे बंद केले. माणसांनी पोट आवळून नवा धर्म सांभाळला. बोंड्या पुढे आला तो अशा घरात, जिथे कुत्र्याच्या वाट्याचे मांस माणसांच्या अब्रूत वळते झाले होते.

आणि यंदा माघात नाल्यातला वस्तीचा झिरा जवळजवळ आटला. विहीर सर्वांना खुली असल्याचा सरकारी कागद पंचायतीच्या कपाटात होताच. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गेल्या आणि पाणी भरू लागल्या. त्या दिवसापासून गावातल्या बाया बाबारावांच्या मळ्यातल्या विहिरीवर, पाऊण कोस, उन्हातान्हात पाणी आणायला जाऊ लागल्या. घरोघरी कुरकुर सुरू झाली. मग चैत्रात सार्वजनिक विहिरीत हाड निघाले. कोतवालाने ते कोणी नीट पाहायच्या आत फेकून दिले, आणि चौथ्या दिवशी नोटीस आली.

नोटिशीची चर्चा झाली ती तांबडे फुटायच्या आत, कारण पंचफुला आणि उकंडा या नवराबायकोला चर्चेसाठी दुसरा वेळ नव्हता. सडकेच्या कामावर खडी फोडायला दीड कोस चालत जायचे, ऊन चढायच्या आधी पोचायचे आणि दिवेलागणीला परतायचे. पंचफुला फडक्यात भाकरी बांधत होती. एक मोडून तिने अर्धी बाजूला ठेवली.

"कोनाची थे अर्धी?" उकंडाने विचारले.

"तुमाले माहीत हाय."

"देऊन टाक त्याले कोनाले. मानसाले पुरून नाही राह्यलं, त कुत्र्याले कुठून पुरन?"

"पुरत नाही म्हनून द्याचं, का सरपंचानं लिवलं म्हनून द्याचं?"

"दोन्ही एकच."

"एकच कसं? भुकेपाई देलं त थो आपला कुत्रा. नोटिशीपाई देलं त थो चोर, न् आपन चोराचे धनी."

"मंग जा कचेरीत. सांग सायबाले का आमचा कुत्रा लंगडा हाय. एक दिस जायचा, एक दिस सायबाची वाट पाहाचा. मुकडदम मांडन काय दोन दिसाची हजेरी? अवं, खरं बोलाले बी रोजी बुडवा लागते. आपल्याजोळ तेवढं खरं नाही."

कुडाच्या भिंतीला कान असतात असे नाही. त्या भिंतीपलीकडे विजयमाला राहत होती, एवढे पुरे होते. ती पदर खोचत दारात आली.

"चोर सोडून संन्याशाले फाशी, बाई! न् थो बी मुका संन्याशी."

"पाहा," पंचफुला म्हणाली.

"पन मी का म्हन्तो, पंचफुले, माह्या सुनेले आठवा चालू हाय. इहीर गेली त झिऱ्यात वाटीनं पानी भरा लागन. चाळीस घरं हायत. तुह्या कुत्र्यापाई—"

"माह्या कुत्र्यानं टाकलं काय हाड?"

"नाही टाकलं. कोन म्हन्ते टाकलं? पन खरं असून काय करतं वं? खरं पेता येते काय?"

पंचफुलाने भाकरीच्या फडक्याची गाठ पक्की ओढली. बोंड्या चुलीपाशी बसून आपल्यावरच्या खटल्याकडे मान वाकडी करून पाहत होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. कपाशीचे बोंड फुटावे तसे ते पांढरेशुभ्र पिलू तिने स्वतः उकिरड्यावरून उचलून आणले होते, आणि आता त्या पांढऱ्याचे मातकट झाले होते. नोटीस खोटी होती. भूक मात्र खरी होती. खोट्याने खऱ्याचा असा आधार घेतला की त्याच्याशी भांडायचे कसे, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

"देतो," ती म्हणाली. "पन मारत नाही. त्या कागदातला विल्हेवाट का काय थो शब्द, मले समजते त्याचा अर्थ."

बाजाराच्या दिवशी सडकेचे काम बंद असे. त्या दिवशी ती बोंड्याला दोरीला धरून तीन कोसांवरच्या तांड्यावर गेली. पळस फुलून झडले होते. काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि बोंड्या दर भेगेपाशी थांबून आत हुंगत होता. तांड्यावर खेमसिंगची तीस बकऱ्यांची खांड होती. पंचफुलाने त्यांच्या शेतात दोन हंगाम कापूस वेचला होता. खेमसिंगची बायको रुपीबाई अंगणात बसली होती. तिने हातातल्या बांगड्या मागे सारून कुत्र्याचे दात पाहिले.

"लंगडा कुतरा देतं काय मले?"

"पाय अधू हाय, तोंड नाही. भुकते चारी पायाच्या कुत्र्याइतकं."

"खाते किती?"

"द्यान तेवढं."

"चोरी?"

पंचफुलाने दोरी हाताभोवती गुंडाळली. "नाही," ती म्हणाली. "त्यानं कधी चोरी नाही केली."

"बापा, लगनाच्या टायमाले मी खेमसिंगबद्दल इतकं बी इचारलं नव्हतं!" रुपीबाई हसली आणि तिने बोंड्यापुढे ताकात कालवलेल्या भाकरीची थाळी सरकवली. मग ती तांब्या घेऊन आली आणि पंचफुलाच्या हातावर वरून पाणी धरायला वाकली.

पंचफुलाने ओंजळ पुढे केली नाही. ती तहानलेली होती, आणि ती नुसती बसून राहिली. रुपीबाईने तांब्याकडे पाहिले, थाळीत तोंड घातलेल्या कुत्र्याकडे पाहिले. थाळी पितळेची होती. थोड्या वेळाने तिने तांब्या पंचफुलाच्या हातात दिला आणि उगाच एका बकरीला शिवी दिली.

निघताना पंचफुलाने हाक मारली. बोंड्याने थाळीतून मान वर केली नाही. तिला त्याचा राग आला. मग ज्या भुकेने त्याला मान वर करू दिली नाही, तिचा आला. आणि अर्ध्या वाटेवर, घोटणखेडची कौले दिसू लागताच, तो राग योग्य पत्त्यावर पोचला.

बोंड्या गेल्याच्या अकराव्या दिवशी विजयमालेच्या बादलीत हाड आले.

या खेपेला ते विहिरीच्या तळाशी बरेच मुरले होते. त्यावर नासलेल्या मांसाची चिंधी लोंबत होती, तिला तांबूस केस चिकटलेले होते, आणि वास असा की कठड्याला टेकून उभ्या असलेल्या तीन बाया जागीच ओकल्या. तेच पाणी सकाळी पोरांनी प्यायलेले होते. विजयमालेची सून दोन दिवस अन्नाला शिवली नाही. पण विजयमाला शहाणी. तिने बादली रिकामी केली नाही. तिने बादलीवर फरशी ठेवली, फरशीवर दगड ठेवला आणि दगडावर स्वतः बसली.

"कुत्रं वापस आलं असन," बाबाराव चावडीत म्हणाले. "कुत्र्याची जातच तशी. मुताले बी जुन्या खुट्याजोळ येते."

तेव्हा पंचफुलाने रोजी बुडवली. एक दिवस ती तालुक्याच्या कचेरीत गेली, दुसरा दिवस पायरीवर बसली, आणि तिसऱ्या दिवशी साहेबाने तिचा अर्ज लिहून घेतला. मुकादमाने तिच्या जागी दुसरी बाई लावली. उकंडाने आपल्या भाकरीतली अर्धी तिच्या फडक्यात बांधली.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात विस्तार अधिकारी जीपमधून आले. विहिरीजवळच्या निंबाखाली त्यांच्यासाठी खुर्ची मांडली गेली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला वस्ती, मध्ये खुर्ची. उन्हाळी वाऱ्याची झांज अशी होती की साहेबांच्या फायलीतले कागद दगडाखाली ठेवावे लागले.

"कुत्रे कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"माह्याकडे हाय, साहेब," तांड्यावरून आलेला खेमसिंग पुढे झाला. "रातचा साखळीनं बांधतो. परवा कोल्ह्याच्या तोंडातून पिलू सोडवलं त्यानं. तीन कोस येऊन, हाड टाकून, तीन पायावर रातोरात वापस गेला असन, त त्याले पोस्टात नोकरी द्या."

गावाच्या बाजूचेही दोघेतिघे हसले. बाबारावांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते थांबले.

"ते हाड दाखवा."

विजयमाला दगडावरून उठली. फरशी सरकली, साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "बाहेर काढा," ते म्हणाले, आणि सारा गाव, कोणी कोणाला काही न सांगता, उकंडाकडे पाहू लागला. सातशे वर्षांची सवय सात वर्षांत जात नाही. उकंडाची पाठही नकळत वाकली होती. पंचफुलाने त्याची बाही धरली.

"आमी थे काम सोडलं, साहेब."

साहेबांनी कोतवालाकडे पाहिले. कोतवालाने आभाळाकडे पाहिले. साहेबांनी मग स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि ते लगबगीने फायलीत गुंतवले. "विहीर पंचायतीची आहे," शेवटी ते म्हणाले. "सरपंच, तुम्ही काढा."

घोटणखेडच्या पाटलाच्या घराण्यातल्या माणसाने भर गावात, भर दुपारी, मेल्या ढोराचे हाड उचलले. पहिल्यांदाच असे काही उचलणारा माणूस चाचपडतो, बोटांच्या टोकांनी धरतो. बाबारावांनी ते मधोमध, मुठीत धरले.

"टोकं पाहा, साहेब," पंचफुला लांबूनच म्हणाली. "टोक मऊ असते. कुत्रं पह्यले टोक खाते. हे दोन्ही टोकं साबूत हायत. न् सरपंचानं मूठ जराशी सरकवली त खाली कुऱ्हाडीचा घाव दिसन. बोंड्याजोळ कुऱ्हाड नव्हती. यंदा गावात बैल मेला थो एकच. थो आमी वढला नाही. ज्याचा व्हता त्याच्या गड्यानं मळ्यात नेला. कोनाचा, थे सरपंच सांगतीन."

"हाडातलं तुले लय समजते वं," बाबाराव म्हणाले.

"तुमीच शिकवलं, बाबारावजी. शंभर पिढ्या फुकट शाळा चालवली."

विजयमाला मोठ्याने हसली, आणि एवढ्या माणसांत दुसरे कोणी हसले नाही.

"तुझी मागणी काय आहे, बाई?" साहेबांनी विचारले. "कुत्रे परत पाहिजे?"

पंचफुलाने मान हलवली. परवाच ती तांड्यावर जाऊन आली होती. बोंड्याच्या बरगड्या झाकल्या होत्या. तो धावत आला, तिचे पाय चाटले, आणि एक बकरी बाजूला झाली तशी तिच्यामागे निघून गेला.

"नाही, साहेब. खाऊन राह्यला, खाऊ द्या. माह्याजोळ त्याले घालाले काहीच नाही. येवढं लिवून घ्या का थो भुकेपाई गेला, गुन्ह्यापाई नाही गेला. न् गुन्हा ज्याचा हाय त्याच्या नावापुढं लिवा."

मग बाबाराव बोलले. लाज वाटली असती तर ते आताही खोटे बोलले असते. कुत्रे नाही तर मांजर, मांजर नाही तर घार, असे काहीतरी सांगून सुटले असते. पण ज्याला आपले कृत्य धर्म वाटतो त्याला उघडे पडल्यावर खोट्याची गरज पडत नाही. ते हाड हातात ठेवूनच बोलले, आवाज न चढवता, गावाकडे तोंड करून. विस्तार अधिकाऱ्यांनी जबाब तोंडचा तसाच उतरवून घेतला आणि वाचून दाखवला. त्यातला एकही शब्द बदलावा असे बाबारावांना वाटले नाही. त्यांनी खाली सही केली आणि सहीवर पंचायतीचा शिक्काही मारला. जबाब असा :

"हाड म्याच टाकलं, दोन्ही खेपेले. कुत्र्यानं टाकलं असतं त आमी इहीर उपसली असती न् पुन्हा पानी भरलं असतं, कुत्र्याचं आमाले चालते. पन हे लोक भरून राह्यले, न् ह्याइचा हात लागलेलं पानी कितीबी उपसलं तरी सरत नाही. म्हनून टाकलं. आमाले नाही प्याचं, त कोनालेच नाही."