मुरुडच्या बायांचे गुडघे

मुरुडच्या साठीपुढच्या बाया खुर्चीवरून उठू शकत नाहीत, असा निष्कर्ष माझ्या टेबलावर आला तेव्हा मी आधी चहा संपवला आणि मग चिडले. चहा गार करून चिडण्यात काही अर्थ नसतो.

मी उज्वला, लातूरला आरोग्य खात्यात डॉक्टर. लोकांचं म्हातारपण धडधाकट जावं म्हणून देशभरासाठी एक कार्यक्रम आखला जातोय, त्याच्या मसुदा समितीवर मी आहे. माणूस पडल्यावर हाड जोडत बसण्यापेक्षा तो पडूच नये याची आधीच सोय करायची, एवढं साधं ते काम. त्यासाठी एक सोपी चाचणी ठरली होती. हातांची घडी छातीशी ठेवायची आणि खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. ज्यांना जमेल त्यांच्यासाठी गावात व्यायामाचे वर्ग. ज्यांना जमणार नाही त्यांना काठी, वॉकर आणि घरी देखभाल. आजमावून बघायला आम्ही दोन ठिकाणं घेतली, लातूर जिल्ह्यातलं मुरुड आणि नांदेड जिल्ह्यातलं किनवट.

किनवटच्या बाया पटापट उठल्या. मुरुडच्या बहुतेक बायांच्या नावापुढे मात्र ‘असमर्थ’ असा शेरा पडला. पुरुष दोन्हीकडे पास झाले होते. मसुद्याचं काम बघणारा सोमेश मूळचा उदगीरचा, आता दिल्लीत असतो. हुशार आहे, बोलायला गोड आहे, पण आकडे दिसले की त्याला माणसं दिसेनाशी होतात. त्यानं फोनवर मला कारणही सांगून टाकलं.

“किनवटच्या बाया जंगलात चालतात, मॅडम. मुरुड म्हणजे बाजारपेठेचं गाव. दारात रिक्षा आली की गुडघे जाणारच.”

मग त्यानं मसुद्यात मुरुडसारख्या गावांतल्या बायांसाठीचे व्यायामाचे वर्ग काढले आणि त्या जागी काठ्या घातल्या. नांदेडच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

मुरुडच्या त्या असमर्थ बायांमध्ये माझी सासू होती.

रुक्मिणबाईंना मी आत्याबाई म्हणते. सत्तरी ओलांडली आहे, मामंजी गेल्यापासून मुरुडला एकट्याच राहतात, दोन शेळ्या आहेत आणि शेतात रोज एक फेरी असते. तपासणीनंतर माझ्या नवऱ्याला, वैजनाथला, फोन आला की आईंना एकटं ठेवू नका, त्यांना पडण्याचा धोका आहे. वैजनाथ कॉलेजात शिकवतो आणि काळजी करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. दोन दिवसांत त्याचं सगळं ठरलं. शेत बटईनं द्यायचं, शेळ्या विकायच्या आणि मायला लातूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर आणायचं.

“बाल्कनीत तुळस लावू,” तो मला म्हणाला. “माय रमेल.”

आत्याबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, “मला तिथं कोंडायचं ठरवलंय का रे?”

माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. जी बाई दिवसभर उठते, वाकते, चालते, तिला सोफ्यावर बसवून टीव्ही लावून दिला की वर्षभरात ती खरोखरच असमर्थ होते. हे मी सून म्हणून म्हणत नव्हते, डॉक्टर म्हणून म्हणत होते. पण वैजनाथचा कागदावर भारी विश्वास. तपासणीत आलंय म्हणजे काहीतरी असणारच, असं त्याचं म्हणणं.

रविवारी आम्ही मुरुडला गेलो. सरकारी काठी आमच्या आधी पोचली होती. आत्याबाईंनी ती शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली होती. त्या स्वतः अंगणात उकिडव्या बसून तूर पाखडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी भरलेलं सूप दोन्ही हातांत धरलं आणि कशाचाही आधार न घेता सरळ उभ्या राहिल्या. मी बघतच राहिले.

“आत्याबाई, मग त्या दिवशी खुर्चीवरून का उठला नाहीत?”

“गुडघे दुखत व्हते.”

“आणि आता?”

“आता न्हाई दुखत,” असं म्हणून त्या सूप घेऊन आत गेल्या.

काहीतरी लपवलं जात होतं एवढं मला कळलं. काय ते कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीनं माझं डोकं तापतं. परत येऊन त्या बाजेवर टेकल्या. तेवढ्यात ज्ञानोबा आले. हे मामंजींचे थोरले भाऊ, म्हणजे आत्याबाईंचे थोरले दीर. ऐंशी पार केलेले, पांढरंशुभ्र धोतर, काठी नाही, भावकीत सगळ्यांत वडीलधारे आणि गावात ज्ञानोबा म्हणण्यापेक्षा ग्यानोबा म्हणूनच ठाऊक असलेले. वैजनाथनं लगबगीनं खुर्ची दिली. ते बसायच्या आत आत्याबाई बाजेवरून उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दाराच्या आत उंबऱ्याजवळ जमिनीवर जाऊन बसल्या.

मी मात्र समोरच्या खुर्चीवर तशीच बसून होते. लग्न झाल्यापासून मला ते माफ आहे, कारण मी डॉक्टर.

“वैजनाथा, धाकटीला लातूरला घेऊन जा,” ग्यानोबा म्हणाले. “वय झालंय तिचं. आमच्यासारखं न्हाई. मी कसा पटापटा उठलो त्या दिवशी.”

मी उंबऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्या खुर्चीकडे बघितलं.

“थोरले मामा, तपासणीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“कुठं म्हंजे? नारळ मीच फोडला की. डॉक्टर पोरांनी मला टेबलाशेजारी खुर्ची दिली, मानाची. सांजेपर्यंत तिथंच व्हतो. सगळी तपासणी माझ्यासमोर झाली.”

मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई माझ्यामागे आल्या.

“खरं सांगा आता,” मी म्हटलं.

“काय सांगू, बाई? त्यांच्यापुढं खुर्चीत टेकायचं? आन् वर पाचदा उठबस करायची? जन्मात कधी त्यांच्यापुढं उंचावर बसले न्हाई मी.”

“मग तसं डॉक्टरांना सांगायचं.”

“ते तिथंच बसलेले. त्यांच्या तोंडावर कसं सांगावं? लई वंगाळ दिसतं. मंग गुडघे दुखतेत म्हणलं. माझ्यामागच्या समद्या बी तेच म्हणल्या.”

साहजिकच होतं. त्या वस्तीतली बहुतेक बायामाणसं ग्यानोबांच्या नात्यातली, कुणी भावजय, कुणी चुलत सून. खुर्चीवर बसणं हा ग्यानोबांचा अपमान, आणि का बसत नाही हे बोलून दाखवणं त्याहून मोठा अपमान. म्हणून सगळ्यांचे गुडघे एकाच दिवशी, एकाच माणसासमोर दुखायला लागले. आणि त्या दुखण्यावर दिल्लीत देशाचा कार्यक्रम बेतला जात होता.

“निदान वैजनाथला तरी सांगायचं होतं.”

“त्यानं इचारलंच न्हाई. त्यानं शेळ्यांचं गिऱ्हाईकच आणलं.” हे बोलताना त्यांचा आवाज कापला. आत्याबाईंचा आवाज कापलेला मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

गाडीत मी वैजनाथला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “असेल. पण पुन्हा तपासून कागदावर आलं तरच मी मानीन. तोपर्यंत रिस्क नको.” मी म्हटलं, ठीक आहे, कागदच आणते.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला होते. गुरुद्वाऱ्याकडच्या गर्दीत ऑटो अडकला, त्यामुळे मी पोचले तेव्हा सोमेश पडद्यावर काठ्यांचं पान दाखवत होता. मी बसायच्या आधीच विचारलं, “किनवटला बायांची चाचणी कुठं घेतली?”

“आश्रमशाळेच्या वसतिगृहात. मुलींच्या बाजूला.”

“तिथं पुरुष होते?”

“नाही. पुरुषांची दुसऱ्या दिवशी घेतली. का?”

मग मी मुरुडचा नारळ, टेबलाशेजारची मानाची खुर्ची आणि गुडघे, सगळं सांगितलं. खोलीत हशा पिकला. सोमेश हसला नाही. तो उदगीरचा आहे, त्याच्या घरीही कुणीतरी कुणासमोर खुर्चीवर बसत नसणारच.

“पटलं,” तो म्हणाला. “पण मॅडम, देशाच्या योजनेत प्रत्येक गावच्या दीर-भावजयीची सोय कशी करायची?”

“करूच नका. बायांना वेगळं तपासा. आणि खुर्चीबरोबर जमिनीवरूनही उठायला लावा, बाया आणि पुरुष दोघांनाही. माणूस घरात जिथं बसतो तिथून उठता आलं तर त्याचा उपयोग.”

“शुक्रवारी मसुदा जातोय.”

“मग बुधवारी मुरुडला या. तुमच्या डोळ्यांदेखत घेऊ. मुरुडच्या बाया उठल्या नाहीत तर काठ्यांच्या पानावर पहिली सही माझी.”

हे बोलताना मला जराही धाकधूक वाटली नाही. सुपातली तूर एक दाणा न सांडता वर आलेली मी बघितली होती.

बुधवारी आत्याबाईंच्या अंगणात चाचणी झाली. पुरुषांना मी देवळाच्या सभामंडपात थांबायला सांगितलं होतं. अंगणात पुरुष म्हणून फक्त लेकाच्या वयाचे दोघं, सोमेश आणि हट्टानं रजा काढून आलेला वैजनाथ. पहिला नंबर आत्याबाईंनी स्वतःहून लावला. खुर्चीवरून पाच वेळा उठल्या, मग मांडी घालून जमिनीवर बसल्या आणि हात न टेकता उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून एकेक करत बाकीच्या उठल्या. दोघी-तिघींना खरंच जमलं नाही, त्यांची नोंद झाली. पण बाकीच्या अंगणात चेष्टामस्करी करत अशा उठत-बसत होत्या की सोमेशला सगळ्यांना आवरावं लागलं. वैजनाथ भिंतीला टेकून मायकडे बघत होता.

तेवढ्यात फाटकातून ग्यानोबा आत आले. सभामंडपात बसवून ठेवलेलं त्यांना सहन झालं नव्हतं.

“मला का म्हून बाजूला ठेवलं? मला बी घ्या तपासून.”

बायांनी झटक्यात पदर घेतले आणि भिंतीकडे सरकल्या. त्यांची खुर्चीची चाचणी झालीच होती, म्हणून सोमेशनं नव्या नियमाप्रमाणे त्यांना सरळ जमिनीवर बसायला सांगितलं. ग्यानोबा ऐटीत बसले. बसताना शेवटी जरा जोरातच टेकले.

“आता उठा, काका,” सोमेश म्हणाला.

ते उठेनात. पुढे झुकले, मागे झाले, हात टेकला, पाय तसाच राहिला. गेली कित्येक वर्षं त्यांना कुणी खाली बसूच दिलं नव्हतं. जातील तिथं आधी खुर्ची येत होती. वैजनाथ आणि सोमेश धावले, तर ते ओरडले, “हात लावू नका. मी उठतो.” त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. एकही बाई हसली नाही. मला काय करावं सुचेना, कारण मी सून, मी जवळ गेले असते तर त्यांना आणखी लाज वाटली असती.

आत्याबाई भिंतीपासून निघाल्या. पदर नीट केला आणि त्यांच्यासमोर हातभर अंतरावर मांडी घालून बसल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्या ग्यानोबांशी थेट बोलल्या नव्हत्या. चहा विचारायचा तरी मधे कुणीतरी लागायचं.

“आधी कुशीवर व्हा,” त्या म्हणाल्या. “हां. आता दोन्ही हात टेका. लेकरं रांगतेत तसं. आता एक गुडघा उभा करा. घाई करू नका.”

प्रत्येक गोष्ट त्या आधी स्वतः करून दाखवत होत्या. ग्यानोबा मुकाट्यानं करत गेले. शेवटचा जोर निघेना, तेव्हा आत्याबाईंनी हात पुढं केला. ते त्या हाताकडे क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांनी तो धरला. दोघं उभे राहिले.

ग्यानोबा धापा टाकत होते. वैजनाथनं खुर्ची पुढं सरकवली. ती त्यांनी स्वतःच्या हातानं आत्याबाईंकडे वळवली.

“बस, धाकटे.”

“मला न्हाई लागत,” आत्याबाई म्हणाल्या. “तुमाला लागती. तुमीच बसा.”

ते बसले. धाप ओसरल्यावर त्यांनी वैजनाथकडे बघितलं. “धाकटीला कुठं नेऊ नको. शेळ्या बी इकू नको. ती गेल्यावर मला उठायला कोण शिकवणार?”

वैजनाथनं मान डोलावली. सोमेशनं मला हळूच विचारलं, पुरुषांच्या वर्गाला शिकवायला कोण म्हणून मसुद्यात लिहायचं? मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं. त्या एव्हाना सूप उचलून आत निघाल्या होत्या. दारात थांबून त्या ग्यानोबांना म्हणाल्या, “सकाळी या. च्याच्या आधी.”