आनंदाश्रू ढाळणारी भिंत

घर आपला माणूस स्वतः निवडतं. हे त्रिकालाबाधित सत्य ज्याने सांगितलं, तो त्या घराचा दलाल होता.

रविवारी सकाळी बेडरूममध्ये पंधरा माणसं श्वास रोखून भिंतीकडे बघत होती. एकेकाने पुढे होऊन हात टेकवायचा. आठ जणांना भिंतीने भीक घातली नाही. नवव्याचा हात लागला आणि रंगाखालून थेंब झिरपला. मग दुसरा.

"ओळखलं तिने," दलाल गहिवरला. "आनंदाश्रू आहेत, काका. घर आजच बाजारात आलं आणि आजच तुम्ही आलात. आता तिला ताटकळत ठेवू नका."

काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांचे पत्ते शोधले, स्वतः अकरा भाड्याच्या घरांत राहिले. फंडाची सगळी पुंजी घेऊन ते चेकबुक उघडू लागले. त्यांची बायको मुद्रितशोधक. खोकी बांधून तीही इतकी थकली होती, की भिंतीवर विश्वास ठेवायला तिची काही हरकत नव्हती. पण पहिलं प्रूफ पाहिल्याशिवाय शेवटच्यावर सही करायची नाही, ही तीस वर्षांची खोड. तिने फोनवर त्या घराच्या जुन्या जाहिराती काढल्या.

घर चार वर्षांत पाच वेळा बाजारात आलं होतं आणि चार वेळा मागे घेतलं होतं. पहिल्या जाहिरातीत सरळ लिहिलं होतं: बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, म्हणून किंमत कमी. दुसरीत ओल गायब. तिसरीत भिंतीपुढे कपाट. पाचवीत भिंत भाग्यवंताला ओळखू लागली होती आणि किंमत सव्वापट झाली होती.

तिने हे सगळ्यांना वाचून दाखवलं आणि दलालालाच हात टेकवायला सांगितला. भिंत त्याच्यासाठीही रडली. जरा जास्तच.

घर घ्यायचं तर त्याचं आजचं गुणगान नंतर ऐकावं. आधी ते कितीदा विकायला निघालं, कितीदा मागे घेतलं आणि दर खेपेला जाहिरातीतून काय गळलं, ते बघावं. त्याला दिव्यदृष्टी लागत नाही, चष्मा पुरतो.

काकांनी चेकबुक मिटलं, पण शंका मिटेना. "अगं, पण बरोबर माझ्याच हाताला कसं?"

ती त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेली. दार उघडणाऱ्या बाईंच्या बाह्या ओल्या होत्या.

"रविवारी अकराला मी कपडे धुते," त्या म्हणाल्या. "पाणी खाली उतरायला वीसेक मिनिटं लागतात. तो दलाल आधी फोन करून विचारतो, सुरुवात केलीत का म्हणून."