पोटातला मुक्काम आणि मोगरीची हाक

मित्रांनो, मी एक जुनं हाड आहे. नाक मुरडू नका! मी कोल्हापूरच्या बाळासो गवळ्यांच्या कवटीचा डावा भाग आहे. आयुष्यभर त्यांच्या मेंदूची राखण केली. बक्षीस म्हणून रोज सकाळी खोबरेल तेल मिळायचं. तक्रार नव्हती.

बाळासोंनी "मोगरेऽऽ!" अशी हाक मारली, की त्यांची मोगरी म्हैस असेल तिथून शेपटी वर करून धावत यायची. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवून आणतात आणि आपल्या हाकेवर मोटारसायकलमागे पळवतात. त्यात मोगरीला तोड नव्हती.

एका दुपारी बाळासो मोटारसायकलवरून पडले. हेल्मेट घरी खुंटीला होतं. मेंदू सुजला, त्याला जागा हवी म्हणून डॉक्टरांनी मला कापून काढलं. मला वाटलं, संपलं आपलं! पण त्यांनी मला बाळासोंच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं. तिथे तांबडा रस्सा आला, की शेजारी काय गडबड उडायची!

सूज उतरली, बाळासो चार शब्द बोलू लागले. पण माझ्या रिकाम्या जागी डोक्याला खड्डा पडला, तो खोल होत गेला आणि बोलणं पुन्हा बंद झालं. ते मोगरीच्या गळ्यात हात टाकून बसायचे. ओठ हलायचे, नाव फुटायचं नाही. मला पोटात बसून फार वाईट वाटायचं.

"बाबा पुन्हा बोलतील न्हवं?" लेक निशिगंधानं डॉक्टरबाईंना विचारलं.

"खड्ड्यातली कातडी मेंदूला दाबतेय. हाड परत बसवलं, की बरेचदा बोलणं सुधारतं. खात्री नाही, पण आशा आहे."

"मग वाट कसली बघताय?" बाळासोंची बायको सोनूबाई म्हणाली. "त्येंचंच हाड हाय, जागच्या जागी बसवा की!"

बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून मला बसवलं. माहेरी आल्यासारखं वाटलं! काही दिवसांनी बाळासो म्हणाले, "च्या." सोनूबाई रडत रडत हसली आणि चहात दोनदा साखर घातली. हळूहळू शब्द वाढले. 'मोगरी' मात्र जिभेवर येईना.

पाडवा आला. निशिगंधानं गाडी काढली, बाबांना मागे बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. जमलेले फेटेवाले गवळी हसायला लागले. "अगं, ह्या टोपड्यात म्हस वळखंल व्हय त्येस्नी?"

"आवाज वळखंल की!" निशिगंधा ठसक्यात म्हणाली.

शिंगं रंगवलेली मोगरी खरंच नुसती बघत उभी राहिली. माझा जीव टांगणीला लागला. बाळासोंनी छाती भरून श्वास घेतला. "मो... मो..."

"मोगरेऽऽ!"

तो आवाज माझ्या अंगभर घुमला. मोगरी शेपटी वर करून अशी सुटली, की हसणारे फेटे सावरत बाजूला पळाले!

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. गाडीवर बसताना डोक्यावर हेल्मेट घाला आणि आम्हा हाडांना जागच्या जागी राहू द्या. पोटातला रस्सा झकास होता, पण मोगरीच्या हाकेची मजा इथेच आहे.