उजव्या हाताला पाणी लावू नका

पुसेगावात त्या दिवशी मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. २००९ची दिवाळी नुकतीच उलटलेली. पुण्याकडच्या स्वाइन फ्लूच्या बातम्यांनी लोक आधीच धास्तावले होते, त्यात हे शीतलनाथ महाराज अवतरले. भक्ताच्या उजव्या तळहातावर ते कमंडलूतलं तीर्थ ओतायचे आणि चोळायला सांगायचे. हात गार पडायचा आणि बघता बघता तीर्थ नाहीसं व्हायचं. ना फडकं लावलेलं, ना हात झटकलेला.

"कहाँ गया?" महाराज विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "बिमारी को लेके उड गया! आता अमावस्येपर्यंत या हाताला पाणी लावू नका. पाणी लागलं की कवच गेलं."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. स्पिरिटचा वास मला लांबूनच आला आणि मी तसं बोललोही. नामाजी म्हणाला, "गुरुजी, तुमी पुस्तकातलं सांगून राहिले." लोक हसले.

नामाजीकडे मेंढरं होती. अडलेली मेंढी सोडवावी तर त्याच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं. तिची सून सीमा नुकतीच दवाखान्यातून बाळंत होऊन घरी आली होती. पहिला नातू, अजून नाळही पडली नव्हती. त्याला काही होऊ नये म्हणून पंचफुलाबाई तीर्थाला सगळ्यांच्या पुढं होती.

तिनं नेम अगदी मनापासून पाळला. अंघोळीला बसताना उजव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. मेंढ्या विण्याचे दिवस होते. वाड्यात कोकरू ओढून काढायचं, हात पदराला पुसायचा आणि त्याच हातानं नातवाच्या बेंबीला तेल लावायचं. सीमा साबण-पाणी घेऊन मागं लागली की ती हात मागं घ्यायची. म्हणायची, "कवच जाईन गं बाई. लेकरासाठीच तर पाळून राहिले."

बेंबीभोवती लाली आली, मग पू झाला. लेकरानं दूध सोडलं. महाराजांनी अंगारा दिला. हिंगोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता, लेकरू वाचलं नाही. जंतू बेंबीतून रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले आणि लेकराला कोण कोण हात लावत होतं ते विचारलं. सीमानं खाली मान घातली. सासूचं नाव तिनं घेतलं नाही.

गावात मात्र महाराजांनी दुसराच निकाल दिला. म्हणे, तीर्थ एकानं घेतलं तरी नेम सगळ्या घराला, आणि घरात कुणीतरी तो मोडला. सीमा हात धूत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचफुलाबाईनं दुःखाच्या भरात तिचंच नाव घेतलं आणि शुद्ध करायला तिला पारावर आणलं. लेकराला पुरून आल्यावरच्या अंघोळीतही म्हातारीनं हाताची पिशवी सोडली नव्हती.

सीमाच्या हातावर तीर्थ पडलं. तिनं तळहात नाकाशी नेला.

"ह्यो वास मला माहीत हाय," ती म्हणाली. "लेकराला उचलायच्या आधी नर्सबाई हेच हाताला चोळायच्या. बाटलीतलं." मग तिनं हापशाचं पाणी तांब्यात आणून महाराजांपुढं धरलं. "ह्ये उडवून दाखवा."

महाराज श्रद्धेवर बोलू लागले. लोक तांब्याकडं बघत राहिले. मी महाराजांची झोळी उलटी केली. हात निर्जंतुक करायच्या औषधाच्या बाटल्या घरंगळल्या, सगळ्यांची लेबलं खरवडलेली, पण वास तोच.

मग मी सांगितलं. यात मुख्यतः अल्कोहोल असतं. अंगाच्या उबेनं ते उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून हात गार लागतो. ते जंतू मारतं, हे खरं. पण हातावर रक्त-लेंडी असेल तर ते पुरं पडत नाही, तिथं साबण-पाणीच लागतं. आणि वाळल्यानंतर त्याचं कसलंही कवच उरत नाही. पुन्हा घाणीत हात घातला की हात पुन्हा घाण. ज्या औषधानं लेकरं वाचवायची, त्याचा या माणसानं खेळ केला. मला त्याचा आजही संताप येतो.

कुणीतरी फोन केला, पोलीस आले आणि महाराजाला घेऊन गेले. पंचफुलाबाई पारावरच बसून होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून.

"म्हंजे, माझ्या हातानं?" तिनं विचारलं.

सीमा समोरच्या दुकानातून साबणाची वडी घेऊन आली आणि सासूजवळ बसली.

"आत्याबाई, हात पुढं करा."

तिनं पाणी ओतलं, साबण लावला. नखांत कोकरांचं रक्त वाळून काळं झालं होतं. ती एकेक नख चोळत होती आणि दोघी रडत होत्या. "तुमी जीव लावला त्याला," सीमा म्हणाली. "धू नका म्हणून त्या बुवानं सांगितलं."

वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर तोच साध्या पाण्यावर करून दाखवायला सांगा. लाजू नका, भिऊ नका. आणि तान्ह्या लेकराला घ्यायच्या आधी हात धुवा. पंचफुलाबाई आता धुते. पुसेगावात कुणाच्याही घरी बाळंतीण आली की ती साबण घेऊन दारात जाऊन बसते, आणि लेकरू मात्र स्वतः कधी हातात घेत नाही.